दूध, मासा आणि व्हिनेगर: हे सूप फाटत कसं नाही?

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचं शहर आहे. तिथलं माशाचं सूप प्रसिद्ध आहे, आणि त्याची कृती ऐकली की मराठी वाचकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. गरम पाण्यात क्रीम घालायचं, त्यात मासा सोडायचा आणि वरून व्हिनेगर ओतायचं, मग हे सगळं नासत कसं नाही? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात पनीर याच रीतीने तयार होतं: दूध उकळायचं, आंबट घालायचं, चोथा गाळून घ्यायचा. बर्गनच्या घराघरांत मात्र हाच खेळ खेळून गुळगुळीत, चमकदार, फिकट पिवळसर सूप वाढलं जातं.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की सूपाबद्दलची आणखी एक समजूत बाजूला सरकते. पाककृतींच्या मथळ्यांत या सूपाचा मान क्रीमला मिळतो, आणि म्हणून घरी करणारे क्रीमचं प्रमाण वाढवत जातात. प्रत्यक्षात सूप जमतं किंवा बिघडतं ते दोन गोष्टींवर: माशाच्या काट्यांचं पाणी कसं काढलं, आणि भांड्यात पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाला किती उष्णता दिली. ज्याला जास्त उष्णता सोसते ते आधी, ज्याला कमी सोसते ते नंतर, असा हा उतरता क्रम आहे. तो कळला की प्रमाणं थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसं बिघडत नाही.

1. होडी आणि गाय एकाच घरात

बर्गन हे मध्ययुगापासून माशाचं बंदर. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांभोवती हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला येतो. तो पकडून लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात सुकवायचा आणि बर्गनमार्गे युरोपात विकायचा, हा शेकडो वर्षांचा धंदा. उत्तर जर्मनीतल्या हान्सा व्यापारी संघाने 1360 च्या सुमारास बर्गनमध्ये आपली पेढी थाटली आणि ती 1754 पर्यंत चालली. धक्क्यावरच्या त्यांच्या लाकडी इमारतींची रांग, ब्रिगेन, 1979 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण सुका कॉड हा विकायचा माल होता. बर्गनच्या पारंपरिक सूपात पडत असे तो किनाऱ्याजवळ सहज मिळणारा छोटा सेई, म्हणजे कॉडच्याच कुळातला, थोडा करड्या मांसाचा आणि स्वस्त मासा.

क्रीम कुठून आलं, हेही याच भूगोलात दडलेलं आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात, शेतीला सपाट जमीन थोडी. त्यामुळे एकच कुटुंब मासेमारीही करी आणि चार गाई-मेंढ्याही पाळी. पुरुष हंगामात समुद्रावर, बायका गोठा आणि शेत सांभाळणार, अशी विभागणी तिथे विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. अशा घरात मासा आणि दुधावरचा आंबट स्निग्ध थर, ज्याला ते ‘रोम्मे’ म्हणतात, हे दोन्ही हाताशी असत. आपल्या कोकणात होडीशेजारी माड होता म्हणून माशाच्या कालवणात नारळाचा रस आला. तिथे गाय होती म्हणून रोम्मे आलं. याला श्रीमंती थाट म्हणणं चुकीचं आहे. घरात जो स्निग्ध पदार्थ होता तो त्यांनी वापरला, एवढंच.

जुन्या पद्धतीच्या बर्गनी सूपात सेईच्या काट्या-मुंडक्यांचं पाणी, गाजर आणि इतर कंदमुळं, थोडा मैदा, दूध, रोम्मे, अंड्याचा बलक, व्हिनेगर, साखर आणि माशाच्या खिम्याचे छोटे गोळे असत. आज घरोघरी त्यात कॉडचे तुकडे, सामन, कोळंबी, कधी कधी शिणाण्यांसारखे शिंपले पडतात. सामन तर या भांड्यात अलीकडेच रुळला. नॉर्वेत त्याची व्यापारी शेती 1970 च्या आसपास सुरू झाली आणि तेव्हापासून तो स्वस्त होत गेला. पदार्थ बदलले, पण घालण्याचा क्रम फारसा बदललेला नाही, आणि आपल्याला तोच शिकायचा आहे.

2. आधी पाणी

काट्यांच्या या पाण्याला हॉटेलांत स्टॉक म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. माशाच्या काट्यांत आणि कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते गरम पाण्यात विरघळलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि जिलेटिनमुळे पातळ द्रवालाही जिभेवर एक भरीवपणा येतो. बकऱ्याच्या हाडांतलं कोलॅजन घट्ट विणीचं असतं, म्हणून पाया तासन् तास शिजवावा लागतो. माशाचं कोलॅजन सैल विणीचं असतं, कारण थंड पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या शरीराला तेवढ्या घट्ट विणीची गरज नसते. ते बरंच कमी तापमानाला आणि लवकर विरघळतं. त्यामुळे माशाच्या स्टॉकला अर्धा तास पुरतो, आणि अर्ध्या तासानंतर तो सुधारण्याऐवजी बिघडायला लागतो. माशाची हाडं नाजूक असतात. जास्त वेळ उकळली की त्यांतले कॅल्शियमचे क्षार पाण्यात उतरतात आणि स्टॉक गढूळ, खडूसारख्या चवीचा होतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो कुकरचा. सगळं कुकरमध्ये लवकर होतं, मग हे का नको? कारण हे मुळातच लवकर होणारं काम आहे. कुकरमधलं तापमान 100 अंशांच्या वर जातं, कॅल्शियमचे क्षार अधिक सुटतात आणि काट्यांचा चुरा होऊन पाण्यात मिसळतो. उघड्या भांड्यातसुद्धा खळाखळा उकळी नको. जोराच्या उकळीत माशाची थोडीफार चरबी घुसळली जाऊन पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने अडकते, आणि मग स्टॉक कितीही गाळला तरी स्वच्छ दिसत नाही. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच आच हवी.

कुठल्या माशाचे काटे घ्यायचे, याचा नियम सोपा आहे: पांढऱ्या मांसाचा, कमी चरबीचा मासा. आपल्याकडे जिताडा, हेकरू, घोळ, रावस यांची मुंडकी आणि मधले काटे उत्तम. बांगडा आणि तारली चरबीदार असतात, त्यांचं तेल उकळत्या पाण्यात लवकर खवट होतं. ते तळायला ठेवावेत. सामनच्या काट्यांचंही तेच. मुंडक्यातले कल्ले मात्र आठवणीने काढून टाकावेत आणि मणक्याला चिकटलेलं काळपट रक्त वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावं, कारण कडवटपणा आणि उग्र वास येतो तो तिथूनच. कोळंबी घालणार असाल तर तिची सालं आणि डोकी फेकू नका. लोण्यावर पाच मिनिटं परतली की ती लालसर होतात आणि सुगंध देतात, आणि तो सुगंध चरबीत उतरत असल्यामुळे पुढे क्रीममध्येही टिकून राहतो.

बाजारातली वडी विरघळवून हे काम भागणार नाही का? भागेल, पण मग तुम्ही क्रीमचं खारट सूप करता आहात. वडीत मीठ आणि चवीची पूड असते, जिलेटिन नावापुरतं. भरीवपणा मिळत नाही म्हणून हात क्रीमकडे जातो, आणि चरबी जिभेवर थर धरून उरलीसुरली माशाची चवही झाकते. क्रीम जास्त घालण्याची ओढ बहुतेक वेळा फिक्या स्टॉकमुळे लागते.

3. क्रीम का नासत नाही

दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म पुंजके तरंगत असतात. प्रत्येक पुंजक्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध एकजीव राहतं. आंबट पदार्थ घातला की हा भार कमी होत जातो. आम्लता ठरावीक पातळीला पोचली की पुंजके एकमेकांना चिकटतात, आणि चोथा होतो. थंड दुधाला यासाठी बरंच आम्ल लागतं. उकळत्या दुधाला थोडंसं पुरतं, कारण उष्णतेने पुंजके आधीच अस्थिर झालेले असतात. म्हणजे नासण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: मोकळं केसीन, आम्ल आणि जोराची उष्णता. सूपात आम्ल तर घालायचंच आहे. तेव्हा उरलेल्या दोन गोष्टींवर ताबा ठेवायचा.

पहिली गोष्ट केसीन. एक छोटा हिशेब करू. समजा एक लिटर सूप करायचं आहे. पहिल्या रीतीत 800 मिलिलिटर स्टॉक आणि 200 मिलिलिटर 25 टक्के चरबीचं क्रीम घेतलं, जे भारतात डब्यांतून सहज मिळतं. यात चरबी 50 ग्रॅमच्या आसपास आली. क्रीममध्ये प्रथिन अडीच टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे सूपात साधारण 5 ग्रॅम. दुसऱ्या रीतीत अर्धा लिटर स्टॉक आणि अर्धा लिटर गायीचं दूध घेतलं. दुधात साडेतीन टक्के चरबी धरली तर 17 ग्रॅमच चरबी आली, पण प्रथिन मात्र 16 ग्रॅमच्या घरात गेलं. म्हणजे दुधाच्या सूपात स्निग्धता पहिल्याच्या एक तृतीयांश आणि नासू शकणारा माल तिपटीहून अधिक! हलकं म्हणून दूध घेणाऱ्यांचं सूप का फुटतं, त्याचं कारण या हिशेबात आहे.

शिवाय क्रीममधलं सगळं केसीन मोकळं नसतं. क्रीम गरम झालं की त्यातलं बरंचसं केसीन चरबीच्या गोलकांवर जाऊन चिकटतं. गोलक पुष्कळ असल्यामुळे चिकटायला जागाही पुष्कळ मिळते, आणि पाण्यात गाठी धरायला फारसं काही उरत नाही. साधारण 25 टक्क्यांच्या वरचं क्रीम आंबट रस्सा सहन करतं ते यामुळे. नॉर्वेत सूपासाठी 35 ते 38 टक्क्यांचं क्रीम वापरतात, तर रोम्मेच्या साध्या प्रकारात चरबी 35 टक्क्यांच्या आसपास असते. तिथल्या दुकानांत कमी चरबीचं रोम्मेही मिळतं, पण गरम सूपात ते फुटण्याचा धोका मोठा असतो, आणि कारण हेच.

घरची साय चालेल का, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. चालेल, पण ती क्रीमसारखी वागेल अशी अपेक्षा ठेवू नका. तापवलेल्या दुधावर धरलेली साय म्हणजे चरबी आणि आधीच गोठलेल्या प्रथिनांची जाळी असते. सूपात घातली की तिचे पांढरे तुकडे तरंगतात आणि सूप नासल्यासारखं दिसतं, नासलेलं नसलं तरी. साय वापरायचीच तर थंड असताना थोड्या स्टॉकबरोबर मिक्सरमधून फिरवून, गाळणीतून गाळून घ्यावी. मिक्सर जास्त फिरवला तर लोणी निघेल, हे सांगायला नको.

4. मैदा आणि बलक

दुसरा बंदोबस्त मैद्याचा. दह्याची कढी फुटू नये म्हणून आपण तिला बेसन लावतो, तेच काम या सूपात मैदा करतो. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, त्यांतून लांब साखळ्या बाहेर पडतात, द्रव दाटसर होतो आणि प्रथिनांच्या पुंजक्यांना एकमेकांपर्यंत पोचायला वाट मिळत नाही. ज्या घरात कढी नीट जमते त्या घरात हे सूप जमायला अडचण नाही. अडचण येते ती दुसऱ्याच कारणाने: बेसन लावलेली कढी आपण उकळतो, आणि इथेही तसंच करावंसं वाटतं. मैदा लावलेला स्टॉक जरूर उकळावा, चार-पाच मिनिटं, कारण नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पण ही उकळी क्रीम घालण्याआधीची. क्रीम पडल्यावर सूप फक्त गरम राहील एवढीच आच.

एक लिटरला 30 ग्रॅम मैदा पुरे, म्हणजे सपाट तीन ते चार मोठे चमचे. चमचा उभा राहील इतकं दाट सूप काही हॉटेलांत मिळतं. ते पोटभरीचं असेल, पण त्यात माशाची चव शोधावी लागते. कॉर्नफ्लोअरही चालतं. त्याने सूपाला काचेसारखी चमक येते, ती आवडत असेल तर हरकत नाही.

बलकाची गोष्ट अधिक नाजूक. अंड्याचा बलक साधारण 65 ते 70 अंशांना घट्ट व्हायला लागतो. सूपात क्रीम आणि स्टार्च मिसळलेलं असलं की तो 80 अंशांच्या थोडा पुढेपर्यंत गुठळ्या न धरता सूपाला मखमली करतो, आणि उकळीला पोचला की त्याची भुर्जी होते. म्हणून बलक थेट भांड्यात टाकत नाहीत. वाटीत बलक आणि रोम्मे फेटायचं, त्यात पळी-पळीने गरम सूप घालत वाटीतलं मिश्रण हळूहळू गरम करायचं आणि मग ते सगळं विस्तवावरून उतरवलेल्या सूपात ओतायचं. अनेक नॉर्वेजियन घरांत आता बलक घालतच नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्याने तो गाळला तरी सूप अपुरं राहत नाही. नुसता रंग थोडा फिका होतो.

5. मासा सगळ्यांत शेवटी

माशाच्या मांसात स्नायूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांमध्ये कोलॅजनचा पातळ पडदा असतो. मायोसिन नावाचं प्रथिन 40 अंशांच्या पुढेच गोठायला लागतं आणि पारदर्शक मांस पांढरं दिसू लागतं. 50-55 च्या आसपास मधले पडदे विरघळतात, आणि मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतो. 60 ते 65 च्या पुढे स्नायू आकसून पाणी बाहेर टाकायला लागतात, मांस कोरडं आणि चिवट लागतं. म्हणजे योग्य शिजलेला मासा आणि वाया गेलेला मासा यांत दहा-बारा अंशांचं अंतर आहे. उकळतं सूप 100 अंशांना असतं. उकळत्या सूपात मासा दहा मिनिटं ठेवणं हे त्याच्या गरजेच्या कितीतरी पलीकडचं आहे.

मग किती उष्णता पुरेशी? हेही हिशेबाने काढता येतं. एक लिटर सूप 85 अंशांवर आहे आणि त्यात फ्रीजमधून थोडा वेळ आधी काढलेला, 10 अंशांचा अर्धा किलो मासा टाकला. मासा तापायला तितक्याच वजनाच्या पाण्यापेक्षा थोडी कमी उष्णता घेतो. हा अर्धा किलो मासा साधारण 430 मिलिलिटर पाण्याइतका धरू. दोघांचं तापमान सारखं झालं की ते किती असेल? 85 ला 1 ने गुणा, 10 ला 0.43 ने गुणा, बेरीज करा आणि 1.43 ने भागा. उत्तर 62 अंशांच्या आसपास येतं. म्हणजे गॅस बंद करून, झाकण ठेवून, सहा-सात मिनिटं वाट पाहिली की मासा शिजतो, आणि त्याच्या पुढे जायला उष्णताच उरत नाही. मात्र तुकडे तीन सेंटीमीटरच्या आतबाहेर हवेत, आणि मासा गोठलेला नको. अर्धवट वितळलेला मासा टाकला तर हा सगळा हिशेब कोसळतो. सूप कोमट आणि मासा कच्चा राहतो.

इतक्या कमी उष्णतेत शिजवलेला मासा सुरक्षित आहे का, असं कुणी विचारेल. अमेरिकेच्या कृषी खात्याने घरच्या स्वयंपाकासाठी माशाला 63 अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे, आणि आपला हिशेब तिच्या अगदी जवळ आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवणार असेल, तर मासा घातल्यावर मंद आचेवर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवावं. मासा किंचित कोरडा होईल, पण बिनघोर खाता येईल. मालवणी किंवा कोळी घरांत कालवणात मासा शेवटीच सोडतात आणि नंतर पळी न फिरवता भांडं हलवतात, हे इथे आठवावं. कारण तेच आहे.

मासा कुठला घ्यावा? कॉड भारतीय समुद्रात मिळत नाही, आणि तो गोठवून आणण्यात अर्थही नाही. जिताडा किंवा हेकरू याला सगळ्यांत जवळचा: मोठ्या पाकळ्या, पांढरं मांस, सौम्य चव. रावसही चांगला. सुरमईचं मांस दाट असतं आणि फार लवकर कोरडं पडतं, तेव्हा ती घ्यायचीच तर तुकडे जाड ठेवा. बोंबील या सूपात अक्षरशः विरघळून जाईल. पापलेट घालू नये असं माझं मत आहे. त्याची चव नाजूक असते आणि क्रीममध्ये ती हरवते, पैसे मात्र लागतात. तुकड्यांना पंधरा मिनिटं आधी मीठ चोळून ठेवलं तर मांस थोडं आवळतं, आणि शिजताना बाहेर येणारा पांढरा साका कमी होतो.

6. मसाल्याविना वास येणार नाही का?

हा आक्षेप कोकणी आणि गोमंतकी वाचकांकडून नक्की येईल. लसूण नाही, हळद नाही, तिरफळ नाही, मग माशाचा वास जाणार कसा? आधी वास कशाचा असतो ते पाहू. समुद्रातल्या माशांच्या स्नायूंत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात शरीरातला समतोल राखायला त्याचा उपयोग होतो. तो स्वतः बिनवासाचा असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो प्रामुख्याने याचा. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ जवळजवळ नसतो. कॉडच्या कुळात तो भरपूर असतो, त्यामुळे शिळा कॉड फार लवकर ओळखू येतो.

आम्ल घातलं की हा अमाइन त्याच्याशी संयोग पावून क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाहीत. नाकापर्यंत काही पोचतच नाही. मालवणच्या कालवणातलं कोकम, गोव्याच्या कढीतली चिंच आणि बर्गनच्या सूपातलं व्हिनेगर, तिन्ही या एकाच कामावर आहेत. तेव्हा बर्गनी सूपात वासाचा बंदोबस्त नाही असं नाही. मसाल्याशिवाय तो केला आहे. व्हिनेगरबरोबर साखर का, तर निव्वळ आंबटपणा क्रीमच्या गोडसर चवीशी भांडतो. चिमूटभर साखर दोघांना जुळवून देते. पण शिळ्या माशाचं ताजं सूप कुठलंच आम्ल करून देणार नाही, आणि क्रीमच्या सौम्य चवीत शिळेपणा लपतही नाही. तिखट रश्शात जो मासा कसाबसा निभावतो, तो या सूपात उघडा पडतो.

7. दूध आणि मासे एकत्र?

आता सगळ्यांत जुना आक्षेप. दूध आणि मासे एकत्र खाल्ले तर कोड उठतं, असं आपल्याकडे अनेक घरांत सांगतात. या समजुतीमागे आयुर्वेदातला विरुद्ध आहाराचा विचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायात मासे दुधाबरोबर खाऊ नयेत असं सांगितलं आहे, आणि कारणही दिलं आहे: दूध शीतवीर्य, मासे उष्णवीर्य. त्याच अध्यायात पुढे हेही आहे की सवयीचं झालेलं, थोड्या प्रमाणात घेतलेलं, किंवा तरुण, व्यायाम करणाऱ्या, पचनशक्ती चांगली असलेल्या माणसाने घेतलेलं विरुद्ध अन्न बाधत नाही. हा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही.

आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होणं, आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती असते. दूध आणि मासे एकत्र खाण्याशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. स्कॉटलंडमध्ये धुरावलेला हॅडॉक दुधात शिजवून ‘कलन स्किंक’ करतात, फिनलंडमध्ये सामन आणि क्रीमचं सूप रोजच्या जेवणातलं आहे, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचं दुधाळ चाउडर चालतं. आपल्या देशातही बंगाली घरांत दह्यात शिजवलेली ‘दोई माछ’ होते, अर्थात दही आणि दूध यांत आयुर्वेद फरक करतो, हे मान्य करायला हवं. ज्यांना दुधातली साखर पचत नाही किंवा माशाची ॲलर्जी आहे, त्यांना हे सूप त्रास देईल. पण तो त्रास दोन्ही पदार्थ वेगवेगळे खाल्ले तरी होणारच. ज्यांना परंपरा म्हणून हे मिश्रण नको असेल त्यांनी ते टाळावं. भीती म्हणून टाळायचं कारण नाही.

8. चौघांसाठी

अर्धा किलो ते पाऊण किलो काटे आणि मुंडकी धुऊन दीड लिटर थंड पाण्यात घाला, सोबत एक कांदा, सेलरीचा एक देठ आणि पाच-सहा पांढरी मिरी. मंद आचेवर येऊ द्या, वरचा फेस काढत राहा, बुडबुडे सुरू झाल्यापासून पंचवीस-तीस मिनिटांनी गाळून घ्या. गाळलेला स्टॉक उकळून 800 मिलिलिटर करा. आता काटे नसल्यामुळे उकळायला हरकत नाही. दुसऱ्या भांड्यात 30 ग्रॅम लोण्यावर एका गाजराच्या बारीक काड्या आणि पातीच्या कांद्यांचा पांढरा भाग रंग न बदलता परता. त्यावर 30 ग्रॅम मैदा घालून मिनिटभर हलवा, मग स्टॉक थोडा-थोडा ओतत गुठळ्या मोडा आणि पाच मिनिटं उकळू द्या. बटाटा घालायचा असेल तर तो वेगळा शिजवून घ्या.

आच कमी करून 100 मिलिलिटर क्रीम घाला. उरलेलं 100 मिलिलिटर क्रीम आदल्या रात्री चमचाभर दह्याचं विरजण लावून ठेवलं असेल तर ते रोम्मेच्या बरंच जवळ जातं. त्यात दोन बलक फेटून, सांगितल्याप्रमाणे गरम सूपाने सैल करून, गॅस बंद केल्यावर मिसळा. स्वयंपाकघरात थर्मामीटर नसेल तर एवढं लक्षात ठेवा, की वाफ भरपूर पण पृष्ठभाग शांत, ही 85 अंशांच्या आसपासची खूण. लगेच अर्धा किलो मासा सोडा, झाकण ठेवा, सहा-सात मिनिटं भांडं उघडू नका. सोललेली कच्ची कोळंबी घालणार असाल तर तितका मासा कमी करा आणि ती माशाबरोबरच टाका.

शेवटी व्हिनेगर. आपल्याकडच्या साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल 4 टक्क्यांच्या आसपास असतं, तर नॉर्वेतलं घरगुती व्हिनेगर सहसा 7 टक्क्यांचं. त्यामुळे परदेशी कृतीतलं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. दोन छोट्या चमच्यांपासून सुरुवात करा, अर्धा छोटा चमचा साखर, मीठ, आणि चाखत वाढवा. वरून पातीच्या कांद्याची कोवळी हिरवी पात. शेपू घालायचा असेल तर जपून, आपला शेपू नॉर्वेतल्या त्याच्या भाईबंदापेक्षा उग्र असतो. चौघांना दोन-तीन काड्या पुरतात. सोबत पाव आणि लोणी.

उरलं तर मासे झाऱ्याने वेगळे काढून, सूप आणि मासे निराळ्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. गरम करताना नुसतं सूप मंद आचेवर, सतत हलवत, वाफ येईपर्यंत तापवा, मासे त्यात शेवटी टाका आणि तेही नीट गरम होईपर्यंत थांबा. बलक घातलेलं सूप उकळू द्यायचं नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवायचंच नाही. तिथे ते कडेने उकळतं आणि मध्ये थंड राहतं.